नवी ट्यूब जुन्यासारखी दिसत नाही. नकली असेल का?

काठावरची

दोन वर्षं मी एकच मॉइश्चरायझर वापरतेय. ५० मिलीची ट्यूब, वर कागदी खोका. या वेळी नेहमीच्या विक्रेत्याकडे संपलं होतं म्हणून त्याच साइटवर दुसऱ्या कुणाकडून मागवलं. माझं एक आणि नणंदेचं एक, एकाच ऑर्डरमध्ये. (अनोळखी विक्रेत्याकडून घ्यायचं नसतं हे माहितीये. ओरडायचं काम नवऱ्याने आधीच केलंय.)

ट्यूब संपत आली की ती मधोमध कापून आतलं क्रीम बोटाने काढायची माझी सवय. त्यामुळे जुनी ट्यूब, दोन तुकड्यांत का होईना, अजून घरात होती. काल दोन्ही शेजारी ठेवल्या आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

काय काय दिसलं ते सांगते. खोक्याच्या तळाशी बॅच नंबर चक्क तिरका छापलाय, आणि त्यातल्या इंग्रजी आठाचा खालचा गोळा अर्धाच उमटलाय. एवढी मोठी कंपनी असं छापेल? ट्यूबचा हिरवा रंग जुन्यापेक्षा जरा निळसर वाटतो. एक्सपायरीची तारीख कुठेच नाही, नुसतं उघड्या डबीचं चित्र आणि त्यात ‘१२ एम’. आणि ट्यूबच्या शेपटीला जो छोटा चौकोन असतो तो जुन्यावर हिरवा होता, नव्यावर काळा आहे. मैत्रीण म्हणाली काळा चौकोन म्हणजे आत सगळं केमिकल.

वास जवळपास तोच. क्रीम थोडं पातळ वाटतं, पण हे मी शंका आल्यावर ठरवलंय की खरंच आहे, देव जाणे. चार दिवस लावलंय. कालपासून उजवा गाल चुरचुरतोय.

नणंदेने अजून उघडलेलं नाही. तिला काय सांगू?

उगाचच

बारकोड स्कॅन कर, सोपं आहे. पहिले तीन आकडे देश सांगतात. कंपनी फ्रान्सची असेल आणि आकडे दुसऱ्याच देशाचे निघाले तर नकली. शिवाय बॅच नंबर टाकला की तारीख सांगणाऱ्या साइट्स आहेत, तिथे नंबर ‘बरोबर’ आला की माल खरा. आणि होलोग्राम आहे का बघ. मी कायम एवढंच बघते, आजवर फसले नाही.

भिंगवाला

उगाचच, आजवर फसला नाहीत की फसलेलं कळलं नाही, हे कसं ठरवलंत? राग मानू नका. मी अकरा वर्षं खोके छापणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होतो, त्यातली बरीच कॉस्मेटिकच्या खोक्यांवर गेली. डोळ्याला भिंग लावून पिवळा ठिपका गुलाबी ठिपक्यावर नीट बसलाय का हे बघण्यात जवानी घालवली. म्हणून जरा लांबण लावतो.

काठावरची ताई, तुम्ही ज्या चार गोष्टींना घाबरलात त्या चारही माझ्या लेखी निर्दोष आहेत. उलट ज्या बघायला हव्यात त्या तुम्ही अजून बघितल्याच नाहीत.

आधी तिरका नंबर. खोका छापला जातो तेव्हा त्यात काय आणि कुठल्या दिवशी भरणार हे छापणाऱ्याला माहीतच नसतं. लाखभर खोके छापून, पंच करून, चिकटवून, सपाट गठ्ठे बांधून जातात. आर्टवर्कमध्ये बॅचसाठी एक जागा मोकळी सोडलेली असते, बऱ्याचदा तिथे वार्निशही लावत नाहीत, म्हणजे शाई धरते. पुढे भरणीच्या लाइनवर क्रीम आत गेलं की पट्ट्यावरून पळत्या खोक्यावर शाईचे बारीक थेंब उडवून नाहीतर लेझरने नंबर पडतो. पळत्या खोक्यावर पडलेला नंबर कधी तिरका होणार, कधी कडेला जाणार, कधी एखादा आकडा अर्धा राहणार. मला तर तिरका नंबर दिसला की बरं वाटतं. बाकी छपाईशी अगदी काटकोनात, त्याच काळ्या शाईत, त्याच चकाकीखाली बसलेला नंबर दिसला की मी खोका उजेडाकडे धरतो.

रंगाचं म्हणाल तर एकाच जॉबच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या शीटमध्ये फरक पडतो. म्हणून कंपनी फिकट आणि गडद अशी दोन टोकं सही करून देते, त्यांच्या मध्ये बसलं की माल पास. शिवाय ट्यूब प्लास्टिकवर छापतात, खोका कागदावर, दोन्ही वेगळ्या ठिकाणी. किंचित निळसरपणावरून कुणाला चोर ठरवू नका.

काळा-हिरवा चौकोन हा प्रकार ऐकून मला दर वेळी हसू येतं आणि मग वाईट वाटतं. ती सेन्सरसाठीची खूण आहे. ट्यूब भरायच्या मशीनमध्ये उलटी, शेपूट वर करून उभी असते. सेन्सर तो चौकोन शोधतो, सापडेपर्यंत ट्यूब गोल फिरते, मग थांबते, भरते आणि शेपूट दाबून बंद होते. म्हणून तुमच्या ट्यूबवरचं नाव आणि शेपटीची दाब एका रेषेत असतात. चौकोनाचा रंग मागच्या रंगावर उठून दिसला की झालं. आत काय आहे याच्याशी त्याचं काडीचंही नातं नाही.

उघडी डबी. युरोपच्या नियमात असं आहे की जे उत्पादन न उघडता ३० महिन्यांपेक्षा जास्त टिकतं त्यावर शेवटची तारीख छापायची सक्ती नाही, उघडल्यावर किती महिने चालेल ते डबीच्या चित्रात द्यायचं. १२ एम म्हणजे १२ महिने. त्यापेक्षा कमी टिकणारं असेल तर तारीख लागते. म्हणजे तारीख नसणं आणि डबी असणं हे एकमेकांना धरून आहे. दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी भरलेल्या मालावर वेगळं असू शकतं.

आता बारकोड. पहिले आकडे कंपनीने तो नंबर कुठल्या देशातल्या संस्थेकडून घेतला ते सांगतात, माल कुठे बनला ते नाही. ३०० ते ३७९ फ्रान्स, ८८० दक्षिण कोरिया, हे खरं. पण कोरियात नोंदलेली कंपनी माल कुठूनही भरून घेऊ शकते. आणि मुख्य म्हणजे बारकोड हे चित्र आहे हो! खऱ्या खोक्यावरून उचललं की स्कॅनरला खरंच नाव दिसणार. शेवटचा तेरावा आकडा पडताळणीचा असतो, तेवढी गंमत घरी करून बघा. पहिल्या आकड्यापासून एक-आड-एक आकड्यांची बेरीज, उरलेल्यांची बेरीज गुणिले तीन, दोन्ही मिळवा, पुढच्या दहाच्या पटीला जायला जे कमी पडतं तो शेवटचा आकडा. १२३४५६७८९०१२ घेतलं तर २६ आणि ६६, मिळून ९२, म्हणून ८. ज्याने नंबर मनाने रचलाय तो इथे सापडतो. ज्याने नक्कल केलीय तो नाही सापडत, आणि हल्ली सगळे नक्कलच करतात. बॅच तपासणाऱ्या साइट्सचंही तसंच. त्या नंबर फोडून तारीख सांगतात. तारीख उद्याची किंवा दहा वर्षांपूर्वीची निघाली तर उपयोग, एरवी खऱ्या खोक्यावरून उतरवलेला नंबर ‘बरोबर’च येणार. होलोग्रामबद्दल एवढंच की चमकणारं स्टिकर कुणालाही बनवून मिळतं.

मग बघायचं काय? नक्कल करणाऱ्याच्या हातात खरा खोका असतो, पण ज्या फायलीवरून तो छापला ती नसते. तो खोका स्कॅन करतो. इथेच तो अडकतो. खऱ्या कामात घटकांची ती मुंगीएवढी अक्षरं एकाच सलग शाईत छापतात, काळी असतील तर नुसती काळी, आणि कंपनीचा खास रंग बऱ्याचदा डब्यातच तयार करून आणलेला असतो. भिंगाखाली कड धारदार आणि आतला भाग भरीव दिसतो. स्कॅन करून छापलेलं अक्षर निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांचं बनलेलं असतं, कडेला रंगीत कोंडा सांडल्यासारखा. फोटोमध्ये ठिपके असणं बरोबर आहे, फोटो तसेच छापतात. बारीक अक्षरांत ते दिसले की माझे कान टवकारतात. साधं भिंग पुरतं, नाहीतर भिंगावर मोबाइलचा कॅमेरा टेकवा.

काही हुशार लोक स्कॅनवर न थांबता मजकूर संगणकाकडून वाचून घेतात आणि पुन्हा टाइप केल्यासारखा छापतात. मग अक्षरं धारदार येतात, पण संगणक चुकतो. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की त्यांचा ‘एम’ होतो, ‘आय’चा ‘एल’ होतो. घटकांची यादी जुन्या ट्यूबशी एकेक शब्द बोट ठेवून ताडून बघा. वाचू नका, वाचताना डोळा चुका दुरुस्त करतो. उलटीकडून, शेवटच्या शब्दापासून सुरू करा. आमच्याकडे प्रूफ असंच तपासायचे. कंपनी कधीकधी घटक बदलते, त्यामुळे यादी वेगळी असणं चालेल, स्पेलिंग चुकलेलं असणं चालणार नाही.

मग ट्यूबची शेपूट. तिथला नंबर दाबाने उमटलेला आहे की छापलेला? शेपूट बंद करणाऱ्या जबड्यातच लोखंडी आकडे बसवलेले असतील तर नंबर नखाला लागतो आणि मागच्या बाजूनेही जाणवतो. खोक्यावरचा आणि ट्यूबवरचा नंबर एकच हवा. आणि जुनी कापलीच आहे तर तिची कापलेली कड बघा. प्लास्टिकच्या दोन थरांत चांदीसारखा पातळ पडदा दिसतो का? दिसला तर ती ट्यूब पत्रा वळवून केलेली, तिच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक बारीक जोड असणार. नवीवर तसा जोड आहे का?

शेवटचं म्हणजे नणंदेचा खोका आणून तुमच्या शेजारी ठेवा. दोघींचा बॅच नंबर एकच असेल तर त्यात गैर काही नाही, एका बॅचमध्ये हजारो नग असतात. ते आकडे दोन्ही खोक्यांवर कुठे आणि कसे उमटलेत ते मला हवंय.

यातल्या एकाच गोष्टीवर निकाल देऊ नका. कंपन्या ट्यूब बदलतात, छापखाना बदलतात. तीन-चार गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवायला लागल्या की मग बोला.

रविवार_दुपार

तारखांवरून एक. कोरियन उत्पादनांवर तारीख वर्ष-महिना-दिवस अशी असते आणि पुढे ‘जेजो’ लिहिलेलं असलं तर ती बनवल्याची तारीख, ‘क्काजी’ असलं तर त्या तारखेपर्यंत चालेल. मला ती अक्षरं वाचता येत नव्हती, बनवल्याची तारीख एक्सपायरी समजून मी धडधाकट क्रीम कचऱ्यात टाकलंय आणि विक्रेत्याला दोन परिच्छेद शिव्या लिहिल्यात. जपानमध्ये तर तीन वर्षांहून जास्त टिकणाऱ्या कॉस्मेटिकवर तारीख द्यावीच लागत नाही. तेव्हा तारीख दिसली नाही म्हणून लगेच घाबरायचं नाही.

झाकणउघडी

भिंगवाल्यांचं सगळं मान्य, पण एक भोक राहतंय. खोका खरा, बाटली खरी, लेबल खरं, आणि आतलं क्रीम भलतंच! माझ्या बाबतीत झालंय. काचेची जड बरणी, नाव कोरलेलं, भिंग लावून बघितलं असतं तरी काही सापडलं नसतं, कारण बरणी कंपनीचीच होती. कुणाची तरी रिकामी झालेली, धुऊन पुन्हा भरलेली.

मला कळलं ते झाकणामुळे. आतली पातळ चकती नव्हती, ती हरवली असेल म्हणून सोडून दिलं. पण झाकणाच्या आट्यांमध्ये पिवळट, वाळलेलं, खरवडलं तर पापुद्रा निघेल असं काहीतरी अडकलेलं होतं, आणि बरणीतलं क्रीम पांढरंशुभ्र. नव्या बरणीच्या आट्यांत जुनं क्रीम कुठून येणार? तेव्हापासून काहीही उघडलं की आधी आट्या बघते, मग क्रीम. हीच सवय पडली म्हणून हे नाव.

पंपवाल्या बाटल्यांचं वेगळं. ज्या पंपात हवा क्रीमपर्यंत जाऊ देत नाहीत त्यात नळी नसते, तळाची चकती हळूहळू वर सरकते आणि क्रीम ढकलते. बाटलीच्या बुडाला हवेसाठी बारीक छिद्र किंवा फट असते. नव्या बाटलीत पहिल्या काही दाबांत काही येत नाही तेही ठीक, पंपात आधी क्रीम चढावं लागतं. नकलीत बाहेरून हुबेहूब तशीच बाटली आणि आत साधी नळी लोंबत असते, कारण ती सरकती चकती बनवणं महाग पडतं. अर्धपारदर्शक असेल तर उजेडात नळी दिसते. नसेल तर बुडाला छिद्र शोधा. सेलोफेनवर मात्र विसंबू नका. कित्येक चांगल्या कंपन्या ते लावतच नाहीत, आणि गरम हवेने आवळलेलं प्लास्टिक घरीही लावता येतं.

आणि ‘मला बघून कळलं असतं’ असं वाटणाऱ्यांसाठी. २०१८ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मुद्दाम ऑनलाइन ४७ वस्तू इतर विक्रेत्यांकडून मागवल्या आणि मूळ कंपन्यांकडून तपासून घेतल्या. २० नकली निघाल्या. त्यात एका कंपनीच्या मेकअपच्या १३ वस्तू होत्या, तेराच्या तेरा नकली.

रिकाम्या बरण्या टाकताना मी लेबल ओरबाडते आणि खोका फाडते. काच फोडत बसू नका, कचरा उचलणाऱ्याचा हात कापेल.

सावली

पॅकिंगचं चालू दे, पण काठावरची, तू अजून लावत नाहीयेस ना? ‘आधी नक्की होऊ दे मग बंद करते’ असं करू नकोस. गाल साध्या पाण्याने धू, दुसरं काही नवं लावू नकोस, दोन दिवसांत उतरलं नाही किंवा सूज आली तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा आणि ट्यूब-खोका दोन्ही बरोबर ने.

मी डॉक्टर नाही, पण नकली क्रीमने पोळलेली आहे. माझं उलट झालं होतं. चुरचुरलं काहीच नाही, चौथ्या दिवशी चेहरा इतका सुंदर दिसायला लागला की मी मैत्रिणींना नाव सांगत सुटले. बंद केल्यावर आठवड्याभरात लालभडक. डॉक्टरांनी सांगितलं, आत स्टेरॉइड असणार. उजळवणाऱ्या क्रीममध्ये पाराही सापडतो. २०१३ च्या मिनामाता करारात (पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी देशादेशांनी केलेला) १ पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत एका भागापेक्षा, जास्त पारा असलेली त्वचा उजळवणारी क्रीमं आणि साबण २०२० पर्यंत बंद करायचं ठरलं, तरी सापडतच राहतो. तुझं साधं मॉइश्चरायझर आहे, म्हणून तुझ्यात असंच असेल असं नाही. पण आत काय आहे हे भिंगातून दिसत नाही, म्हणून लावायचं नाही एवढंच.

काठावरची

सावली, परवा रात्रीपासून बंद आहे. गाल आता बरा आहे, नुसता कोरडा पडलाय.

भिंगवालेकाका (काका म्हटलं तर चालेल ना?), सासऱ्यांचं पेपर वाचायचं भिंग घेऊन बसले. तुमच्या क्रमानेच सांगते.

खोक्यावरचा आणि ट्यूबवरचा नंबर जुळला. हे बघून मी नवऱ्याला विजयी मुद्रेने दाखवलंसुद्धा. मग पुढे गेले. जुन्या ट्यूबच्या शेपटीवर नंबर दाबलेला आहे, अंधारातही बोटाला लागेल. नव्यावर नुसता छापलाय, अगदी गुळगुळीत. जुन्याच्या कापलेल्या कडेत चांदीचा पडदा दिसतो आणि बाजूला जोडही आहे. नवीला जोड नाही. शेवटी धीर करून ती पण कापली. आत नुसतं पांढरं प्लास्टिक.

घटकांची यादी तुम्ही सांगितली तशी उलटीकडून ताडली. ट्यूब मध्ये कापल्यामुळे जुन्यावरचे दोन शब्द कात्रीत गेलेत, बाकी सगळे आहेत. ग्लिसरीनमधल्या ‘आय’च्या जागी ‘एल’ आहे!! हा शब्द मी चार दिवसांत दहा वेळा ‘ग्लिसरीन’ म्हणून वाचला होता. अक्षरं मात्र धारदार आहेत, रंगीत कोंडा खोक्यावरच्या कंपनीच्या चिन्हाभोवती दिसला, यादीत नाही.

आणि आता ऐका. नणंदेचा खोका आणला. नंबर तोच. तिरकाही तेवढाच. आणि तिच्याही आठाचा खालचा गोळा अर्धाच उमटलाय, त्याच बाजूने.

सनस्क्रीनही त्याच विक्रेत्याकडचं आहे, युरोपचं म्हणून घेतलेलं. त्यावर एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) १०० लिहिलंय आणि गोलात यूव्हीए (उन्हातल्या एका प्रकारच्या किरणांचं नाव). त्याचं पण हेच करायचं का?

भिंगवाला

काका चालेल, पोरं आजोबा म्हणायला लागलीत.

आधी माझी चूक. तिरका नंबर दिसला की मला बरं वाटतं असं मी छातीठोक लिहिलं होतं. मागे घेतो. या नक्कल करणाऱ्यांनी खरा खोका त्याच्या तिरक्या नंबरासकट स्कॅन केला आणि तो तुटका आठ छपाईच्या प्लेटवर घेतला. आता छापतील त्या प्रत्येक खोक्यावर तोच आठ तिथेच तुटणार. लाइनवर असं होत नाही. थेंब उडवणाऱ्या यंत्राचं एखादं छिद्र तुंबलं तर सगळ्या आकड्यांतून एकच आडवी रेघ गायब होते, एकट्या आठाचा गोळा दोन खोक्यांवर तस्साच तुटत नाही. तरी एकदा तो खोका तिरपा धरून बघा. नंबरावर बाकीच्या छपाईसारखीच चकाकी असली तर तो वार्निशच्या खाली आहे, म्हणजे भरायच्या आधीच छापलेला. अकरा वर्षांत हा प्रकार मी हातात धरून पाहिला नव्हता. त्या दोन खोक्यांचा शेजारी-शेजारी फोटो काढून ठेवा, मलाही हवाय.

यादी धारदार आणि चिन्हाला कोंडा, म्हणजे मजकूर वाचून घेतला आणि बाकीचं चित्र तसंच उचललं. ‘एल’ तिथूनच आला. जोड, पडदा, शेपूट, स्पेलिंग, आठ. कंपनीने ट्यूब बदलली असेल असं मी पहिल्या दोन-तीन गोष्टींवर म्हटलं असतं, पाचांवर नाही म्हणवत. नकली आहे.

सनस्क्रीनवर शंका घ्यायला भरपूर जागा आहे. युरोपच्या बाजारातल्या साध्या सनस्क्रीनवर ५०+ च्या वरचा आकडा लिहीत नाहीत, कितीही संरक्षण असलं तरी ५०+. गोलातलं यूव्हीए ही तिथलीच खूण, त्याचा अर्थ यूव्हीए संरक्षण एसपीएफच्या निदान एक-तृतीयांश आहे. अमेरिकेत १०० लिहिलेलं मिळतं, पण तिथे सनस्क्रीन औषधात मोडतं, मागे सक्रिय घटकांचा वेगळा चौकटबंद तक्ता असतो आणि हा गोल नसतो. उपचारासाठी विकली जाणारी काही थोडी उत्पादनं याला अपवाद आहेत, तुमचं त्यातलं असेल तर खोक्यावर तसं लिहिलेलं असणार. नसेल तर दोन वेगवेगळ्या बाजारांतल्या खुणा एका खोक्यावर गोळा झाल्यात. ते लावून उन्हात फिरू नका. नकली क्रीम चुरचुरून किमान कळवतं तरी, नकली सनस्क्रीन काही न कळवता नुसतं कामच करत नाही.

दोन्ही ट्यूब फेकू नका. खोका, शेपूट, नंबर, यादीतला तो शब्द आणि विक्रेत्याचं पान यांचे फोटो काढा, मग कंपनीच्या ग्राहकसेवेला पाठवा. पत्ता खोक्यावरून घेऊ नका, खोकाच नकली आहे. जुन्या ट्यूबवरून घ्या. पैसे परत मागताना साइटला ‘क्वालिटी आवडली नाही’ हे कारण निवडू नका, ‘नकली’ हेच निवडा, नाहीतर माल परत जाऊन दुसऱ्याला विकला जाईल.

उगाचच

मी माझ्या कपाटातले सगळे खोके काढून बसलेय. एका सीरमच्या ड्रॉपरच्या आट्यांत काहीतरी पिवळं आहे. झाकणउघडी, हे सीरमच वाळलेलं असू शकतं ना?

झाकणउघडी

तू स्वतः वापरलेली बाटली असेल तर असू शकतं, व्हिटॅमिन सीचं सीरम हवेने पिवळं पडतंच. मी म्हणते ते पहिल्यांदा उघडतानाचं. पहिल्यांदा उघडल्यावर कसं होतं आठवतंय का?

उगाचच

नाही ना!

काठावरची

तिरपं धरून बघितलं. नंबरावरही तीच चकाकी आहे. फोटो टाकलेत, नणंदेचा खोका डावीकडचा.

कंपनीला मेल गेला. त्यांनी फोटो मिळाल्याचं कळवलंय आणि ट्यूब जपून ठेवा म्हणून सांगितलंय. साइटने माझे पैसे परत केले. नणंदेचे अडकलेत, कारण तिने ट्यूब उघडलीच नाही तर नकली कशावरून, असं विचारतायत. आता तिला तो तुटका आठ फोनवर समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलंय. सासूबाई म्हणाल्या, फेकायचीच आहे तर टाचांना लावते मी. दोन्ही ट्यूब कपाटात कुलूप लावून ठेवल्यात.